पृथ्वीचा ताप आणि आपली दिनचर्या



मी विज्ञानाचा पंडित नव्हे. नववीत माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि नगरवाचनालयाने केले. या विषयाकडे मी वळलो तोही पुस्तकामुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये एक यंत्रमाग कामगार मागापाशीच भोवळ येऊन पडला. शुद्धीवर आला, पण त्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला गेला. त्या खाड्याचे भांडण भांडताना मनात आले, की हा उन्हाळा असा वैऱ्यासारखा का वागू लागला आहे?

कारण समजण्यास अवघड नाही. सूर्याच्या प्रकाशाने जमीन तापते आणि ती उष्णता आकाशाकडे परत टाकते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या सोयीसाठी कर्बवायू, त्यातली काही उष्णता अडवून धरतो. तो मुळीच नसता तर पृथ्वी गारठली असती. म्हणजे गोधडी हवीच. प्रश्न तिच्या जाडीचा आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. हवेतला कर्बवायू वाढला तर पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळाहून सुमारे दीड अंशाने अधिक भरले.

आता आपल्या घरात येऊ. पगारपत्रक वाचायला शिकल्याशिवाय कामगाराला आपली लूट कळत नाही. तसेच विजेचे बिल वाचायला शिकले पाहिजे. आपल्याकडची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी धरली तर एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा असतो. नव्या पद्धतीचा, बीएलडीसी म्हणतात तो, ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. पंखा रोज १५ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालतो असे धरा. फरक पडला २०० युनिटांचा, म्हणजे १४० किलो कर्बवायूचा, आणि तोही एका पंख्यामागे! ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्यांनी ते १८ वर न ठेवता २४ वर ठेवावे. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

पेट्रोलचा हिशेब आणखी चमत्कारिक आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. पण ते जळून निघणारा कर्बवायू भरतो २.३ किलो! हे कसे? तर पेट्रोलमधला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू आपल्याबरोबर घेतो आणि वजन वाढते. रोज दहा किलोमीटर स्कूटर चालवणारा मनुष्य वर्षाकाठी दीडशे किलोच्या घरात जातो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी आणि कामावर बसने, एवढे केले तरी त्यातला मोठा भाग वाचतो.

स्वयंपाकघराबद्दल मी भगिनींना काय शिकवणार? डाळ आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करणे हे आमच्या आया रॉकेलच्या टंचाईत शिकल्या होत्या. एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कर्बवायू निघतो, एवढीच त्यात माझी भर. आणि उरलेली पोळी फोडणीला घालावी. उकिरड्यात दडपून कुजलेले अन्न मिथेन सोडते व तो कर्बवायूहून कितीतरी अधिक उष्णता अडवतो.

येथे कोणी विचारील, की ही काटकसर गरिबाच्याच गळ्यात का? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतला माणूस सरासरीने वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू सोडतो, भारतातला सुमारे २ टन. आपल्या गावातही बंगला आणि खोली यांत हाच भेद आहे. ज्याच्या घरी एकच दिवा आहे त्याला ‘दिवा विझवा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय. ज्याचे बिल मोठे, त्याने आधी हात आखडावा.

दुसरा म्हणेल, माझ्या एका पंख्याने काय होणार? याचे उत्तर मला युनियनने शिकवले आहे. एकट्याने काम थांबवले तर तो खाडा. हजारांनी थांबवले तर तो संप. पण हजारांची सुरुवात एकानेच होते, आणि सभासदांना जे सांगायचे ते पुढाऱ्याने आधी स्वतः केलेले असावे लागते.

त्या कामगाराच्या प्रकरणात आम्ही तेच केले. सुट्टीच्या दिवशी चारपाच जणांनी युनियनच्या कचेरीच्या पत्र्याला पांढरा चुना मारला. दुपारी आत बसवेना तेथे बसवू लागले, टेबलफॅन कमी लागू लागला. मग आम्ही मालकाला त्या कचेरीत बोलावून भर दुपारी खुर्ची दिली आणि मागणी पुढे ठेवली. त्याच्या शेडचा पत्रा पुढच्या आठवड्यात पांढरा झाला. अर्ध्या दिवसाचा खाडा मात्र त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

तुम्हीही घरचा पंखा बदलून थांबू नका. त्या बिलाचा कागद घेऊन सोसायटीच्या सभेत जा. गच्चीवर सौरऊर्जेची पाने बसवण्याचा ठराव मांडा. नगरपालिकेकडे बस आणि रस्त्याकडेची झाडे मागा. ज्याने स्वतःचा हिशेब चोख ठेवला आहे, त्याला दुसऱ्याचा हिशेब मागता येतो. आज घरी गेल्यावर एवढेच करा : मागल्या बारा महिन्यांची बिले काढा आणि युनिटांची बेरीज मांडा. ती बेरीज हाती आली की पहिले काम कोणते, ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.