सोप्रानो आणि मायक्रोफोन

न्यूझीलंडची गायिका हेली वेस्टेनरा हिची ‘प्युअर’ ही ध्वनिमुद्रिका डेक्का कंपनीने २००३ साली प्रसिद्ध केली. तेव्हा ती अवघी १६ वर्षांची होती. मुद्रिकेच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. अभिजात संगीत सुलभ करून विकले, एवढेच या यशाचे कारण सांगणे अपुरे होय.

सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठाची सर्वांत उंच जात. ऑपेरातील सोप्रानोस मायक्रोफोनवाचून सबंध वाद्यवृंदावर आवाज पोहोचवावा लागतो. त्यासाठी तारस्थानी ती मुख अधिक उघडून मुखविवराचा अनुनाद गेय स्वराच्या कंपनसंख्येशी जुळविते. आवाज बळावतो; परंतु ‘इ’, ‘ए’, ‘उ’ यांतील भेद पुसट होऊन शब्द अस्पष्ट होतो. ध्वनिमुद्रणगृहात हे ओझे मायक्रोफोन उचलतो. गायिकेस हळुवार गाता येते व उच्चारही राखता येतात.

‘प्युअर’मध्ये कार्ल ऑर्फच्या ‘कार्मिना बुराना’तील लॅटिन गीताबरोबरच ‘पोकारेकारे आना’ हे माओरी प्रेमगीतही आहे. माओरी भाषेत मूळ स्वरवर्ण पाचच असून प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. स्वरवर्ण पुसले गेले, तर तेथे शब्दच उरत नाही. अशा गीतास मायक्रोफोनचे साहाय्य विशेष उपकारक ठरते.

तथापि आवाज आणि वाद्यवृंद यांचे प्रमाण येथे ध्वनिमुद्रकाच्या हाती असते. हाच कंठ नाट्यगृह भरून टाकील काय, याचा निर्णय मुद्रिकेवरून करता येत नाही. म्हणून या गायनाची परीक्षा ऑपेराच्या मापाने न करता शब्दोच्चार व स्वरांची सूक्ष्मता यांवरून करणे न्याय्य ठरेल.