टपालपेटीवरचं दुसरं नाव

पहाटेचे पावणेसहा. नोव्हेंबरात श्टुटगार्टला उजाडायला साडेसात वाजतात, त्यामुळे बाहेर मिट्ट काळोख आहे. उठल्यावर माझं पहिलं काम चहाचं नसतं, खिडक्यांचं असतं. दहा मिनिटं घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. याला इथे ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात आणि आमच्या भाडेकरारात तसं लिहिलेलंही आहे. पहिल्या हिवाळ्यात थंडीच्या भीतीने मी खिडक्या लावूनच ठेवल्या. फोडणीची, भाताची, आंघोळीची सगळी वाफ भिंतीत मुरली आणि फेब्रुवारीत कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडली. आता शाल गुंडाळून मी खिडकीपाशी उभी राहते. समोरच्या चढावर एकेका घरात दिवा लागत जातो तो बघते.

कुकर सहा वाजून गेल्यावरच लावायचा. रात्री दहा ते सकाळी सहा ही इथली शांततेची वेळ. आम्ही आलो त्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी शिट्टी ऐकून घाबरून वर आल्या होत्या. मला जर्मन येत नव्हतं. मी ह्याला ऑफिसात फोन लावला, फोन आजींच्या कानाला दिला, आणि माझ्याच स्वयंपाकघरात काय शिजतंय हे त्यांना तीस किलोमीटरवरून नवऱ्याने सांगितलं. दोघंही प्रेमाने बोलत होते. मी मधे उभी होते.

6:45. डबा घेऊन हा निघतो. पोळी आणि नवलकोलाची भाजी. कऱ्हाडला आई नवलकोल क्वचितच आणायची, इथे तो ‘कोलराबी’ नावाने बाराही महिने मिळतो.

8:25. जिने उतरून मारीएनप्लात्स चौकात येते. श्टुटगार्ट एका वाडग्यात वसलंय. शहर तळाशी आणि घरं कडेच्या उतारांवर. म्हणून गल्लीबोळांऐवजी इथे दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत, चारशेहून जास्त. चौकातून देगरलोखला दातेरी रुळावरची गाडी जाते; ही गाडी 1884 पासूनची. माथेरानची गाडी नागमोडी वळणं घेत डोंगर चढते, ही दात्याला दाता अडकवून सरळ चढते. चौकातून पुढे रोटेब्युलप्लात्सपर्यंत मी वीसेक मिनिटं चालते. तिथे फोल्क्सहोखशूलेची, म्हणजे प्रौढांसाठीच्या लोकशाळेची, इमारत आहे.

9:00 ते 12:15, भाषेचा वर्ग. मी बी-2 पातळीवर आहे. वर्गात सीरियाच्या दोघी, युक्रेनच्या तिघी, एक ब्राझीलचा संगीतकार. दिवसातले सर्वांत आनंदाचे तीन तास हे. जर्मन अवघड आहे असं सगळे सांगतात; पण मराठी माणसाच्या हातात जन्मापासून तीन किल्ल्या आहेत हे कुणी सांगत नाही. तो, ती, ते. देअर, डी, दास. हिंदी किंवा फ्रेंच बोलणाऱ्याला तिसरं लिंग नव्याने शिकावं लागतं, आपल्याला ते अंगात भिनलेलं असतं. जर्मन मूल ‘दास’ असतं तसं आपलंही मूल ‘ते’च. शब्दागणिक लिंग जुळत नाही, ते पाठ करावंच लागतं. पण वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. आणि ‘कारण मी दमले आहे’ म्हणताना जर्मनही क्रियापद शेवटी टाकतं, थेट आपल्यासारखं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत वाटेत वाक्यं जुळवत होते. कऱ्हाडच्या कॉलेजात मी सहा वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. इथे आल्यावर कित्येक महिन्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचं डोकं परत मिळाल्यासारखं वाटलं.

वर्गात नाव घातलं त्याला कारण एक दुपार आहे. आल्यावर चौथ्या महिन्यात पोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. तपासणी माझी होती. डॉक्टरांनी प्रश्न मात्र ह्याला विचारले: तिला कधीपासून दुखतंय, पाळी नियमित येते का? हा मराठीत मला विचारायचा, मी सांगायचे, तो जर्मन-इंग्रजीची मोट बांधून पुढे पोचवायचा. मधे एकदा तर त्याने मला न विचारताच उत्तर दिलं, कारण त्याला ते माहीत होतं. उत्तर बरोबर होतं. घरी येऊन मी खूप रडले. हा म्हणाला, “अगं, मी चुकीचं काय सांगितलं?” मी म्हटलं, “काहीच नाही रे. पण दुखत मला होतं.” दुसऱ्या दिवशी मी एकटी रोटेब्युलप्लात्सला चालत गेले.

1:30. घरी पोचताच आईला फोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग भारत साडेचार तास पुढे असतो. म्हणजे माझ्या दीडला तिकडे दिवेलागण. फोनमधून घंटा ऐकू येते. आई विचारते, “जेवलीस का?” मी हो म्हणते आणि मग ताट वाढून घेते.

2:15, बाजार. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात; चिठ्ठी घेऊन पैसे देताना वळते करायचे. शनिवारी वर्गातल्या दोघी जेवायला यायच्यात, म्हणून क्वार्क घेतलं. परदेशातल्या मराठी घरांना जर्मनीत हे एक सुख आहे, की चक्का दुकानात तयार मिळतो. डब्यावर 40 टक्के लिहिलंय तेच घ्यावं, कमी स्निग्धांशाचं श्रीखंड पातळ होतं. तरी चार तास फडक्यात टांगावंच. आंबटपणा आपल्या चक्क्याहून कमी असतो, म्हणून साखर हात राखून घालावी.

3:30. दाराच्या मुठीला पाटी लटकतेय: केअरवोखे. या आठवड्यात जिना पुसायची पाळी आमची. श्वाबेन प्रांताचा हा जुना रिवाज. इमारतीतली बिऱ्हाडं आठवडे वाटून घेतात, पाळी संपली की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. बऱ्याच परदेशी लोकांना हा जाच वाटतो. मला नाही वाटत. या इमारतीत माझ्याकडून कुणाची तरी अपेक्षा आहे हे मला पहिल्यांदा या पाटीने सांगितलं. बादली-फडकं घेऊन मी पायऱ्या पुसत उतरते. आजी दार उघडतात, कोपरे बघतात, मान डोलावतात. मग पाच मिनिटं बोलतो. त्यांना गुडघ्याची शस्त्रक्रिया करायचीय, मला त्यांच्याकडून नाताळची बिस्किटं, ‘गुट्सले’, शिकायचीत. दिवाळीत दिलेल्या चकल्यांचा डबा त्यांनी धुऊन परत केला होता, आत घरची सफरचंदं घालून. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांच्याकडेही आहे.

पाच वाजता अंधार होतो. पाच ते सात या दोन तासांविषयी मला सविस्तर सांगायचंय, कारण परक्या देशातल्या जोडप्याचं बिनसतं ते याच वेळेत. पहिल्या हिवाळ्यात मी दिव्याशिवाय खिडकीत बसून ह्याची वाट बघायची. दिवसभरात बोललेले शब्द मोजून चार: नमस्कार, धन्यवाद, माफ करा, येते. बाकी सगळे साठलेले. हा दारात आला की ते सगळे त्याच्या अंगावर. तो दिवसभर परक्या भाषेत बैठका करून आलेला, त्याच्याकडे एकही शब्द उरलेला नसायचा. मी म्हणायचे, तुला माझ्याशी बोलायचंच नाही. तो म्हणायचा, अगं, जरा बसू तर दे. चूक कुणाचीच नव्हती. कऱ्हाडात माझे शब्द आई, जाऊबाई, स्टाफरूममधल्या मैत्रिणी, भाजीवाली यांच्यात वाटले जायचे. ह्याचे मित्रांत, भावात. इथे अख्ख्या गावाचं ओझं एका माणसावर पडलं, दोन्ही बाजूंनी. कितीही जीव असला तरी एक माणूस गाव होऊ शकत नाही.

आता दर गुरुवारी हा कामावरून थेट बॅडमिंटनला जातो. सोमवारी संध्याकाळी मी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर असते. सुरुवातीला दोघांनाही अपराधी वाटलं.

7:40. हा घरी यायच्या आधी मी खाली जाऊन पत्रं आणते. इथे घराला नंबर असतो, फ्लॅटला नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, आणि पेटीवर फक्त ह्याचं होतं. नावनोंदणी केली की माणसाला अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. माझा आलाच नाही. सात आठवड्यांनी कळलं की तो परत गेला होता. ह्याने त्याच रात्री कागदाची पट्टी कापून माझं आडनाव लिहिलं नि चिकटवलं. पुढे घरमालकाने ते कोरून घेतलं.

आज पेटीत माझ्या नावाचं जाड पाकीट आहे. माझ्या पदव्या शिक्षकी पेशासाठी तपासायला दिल्यात, तपासणाऱ्यांना आणखी दोन प्रमाणपत्रांची जर्मन भाषांतरं हवीत. काम लांबणार. पण पत्र मी जिन्यातच, शब्दकोश न उघडता वाचलं.

8:30. आमटी-भात. ह्याची दाढ चार दिवस ठणकतेय. ऑफिसात इंग्रजी चालतं, त्यामुळे पाच वर्षांत ह्याचं जर्मन फारसं पुढे सरकलं नाही. दंतवैद्याला दुपारी मीच फोन केला आणि उद्या सकाळी 7:40 ची वेळ घेतली. “तू येशील ना बरोबर?” हा विचारतो. येईन. पण काय दुखतंय ते तूच सांगायचंस, अडलास तर मी आहे, असं मी त्याला म्हटलंय. जेवताना आम्ही चार वाक्यं घोटली.

10:00. आईच्या शेजारची मुलगी मार्चमध्ये लग्न होऊन म्युनिकला येतेय. सामानात काय आणू, असा तिचा निरोप आलाय. तिला लिहिलं ते तिच्यासारख्या सगळ्यांसाठी इथे लिहिते. मसाले इथे मिळतात, कुकर एक आण. निघण्याआधी पुण्यात किंवा जमेल तिथे जर्मनची ए-1 पातळी पूर्ण कर, नवऱ्याला जर्मन येत असलं तरी. मूळ पदव्या हातातल्या बॅगेत ठेव. आणि घरात पाऊल टाकलंस की त्याच दिवशी खाली जाऊन टपालपेटीवर तुझं नाव लाव.