पंचवटींतील खार आणि तुटलेलें रान

सेतु बांधतांना वाळूचे कण आणून टाकणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामानें प्रेमानें बोटें फिरविलीं आणि तिच्या अंगावर पट्टे उमटले, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर मुलांना सांगितली जाते. श्रीरामाचें वास्तव्य जेथें होतें असें परंपरा मानते, त्या नाशिकच्या पंचवटींत आजहि खार दिसते. ती पन्हळीवरून धांवते, विजेच्या तारेवरून पलीकडच्या गच्चीवर जाते, आणि देवळाच्या आवारांत सांडलेले दाणे निर्भयपणें उचलते. तिला पाहून एखाद्या गृहस्थास सहज वाटावें कीं, शहर वाढलें तरी रानच्या जीवांचें फारसें बिघडलेलें नाहीं. परंतु हा समज फसवा आहे. तो कां, हें कळण्यासाठीं रान तुटतें म्हणजे काय होतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

रान नाहींसें होणें आणि रान तुटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्या जुन्या वाड्यांत भिंती घालून दहा बिऱ्हाडें केलीं, तर वाड्याची जागा तितकीच राहते. परंतु विहीर एकाच्या वांट्यास जाते, चूल दुसऱ्याच्या आणि कोठीघर तिसऱ्याच्या. रानाचेंहि तसेंच होतें. मधून रस्ता गेला किंवा वसाहत उभी राहिली, म्हणजे झाडांची एकूण संख्या कदाचित् फारशी घटत नाहीं. पण पाणी, खाद्य, निवारा आणि जोडीदार यांच्यामधील वाट बंद होते. पक्षी ती वाट उडून ओलांडतो. मूठभर अंगाच्या प्राण्याला मात्र रुंद डांबरी सडक ही महापूर आलेल्या नदीसारखी असते.

मोगलांच्या अमदानींत नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे बागांचें शहर, असें नांव होतें. पश्चिमेस त्र्यंबकची डोंगररांग, दक्षिणेस पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर, उत्तरेस चामरलेणें व रामशेज, आणि मधून वाहणारी गोदावरी, अशी या शहराची ठेवण आहे. या डोंगरांना जोडणारें अखंड अरण्य अलीकडच्या काळांत नव्हतेंच. जोडणी होती ती साध्या गोष्टींची: बांधांवरील शेर व निवडुंगाचीं कुंपणें, आंबराया, वडापिंपळांच्या रांगा, आणि नासर्डी, वाघाडी, कपिला यांसारख्या प्रवाहांच्या कांठची झाडी. या आडोशानें मुंगूस, ससा, साळिंदर, उदमांजर आणि नाना जातींचे रानउंदीर यांना एका टेकडीकडून दुसरीकडे जातां येत असे. पुढें सातपूर व अंबड येथें कारखान्यांच्या वसाहती झाल्या; १९८२ सालीं महानगरपालिका स्थापन झाली; मुंबई-आग्रा महामार्ग रुंद झाला; आणि कुंपणांच्या जागीं सिमेंटच्या भिंती आल्या. डोंगर जागच्या जागीं राहिले. त्यांच्यामधील दुवे मात्र एकेक करून गळून पडले.

असा एकटा पडलेला तुकडा लगेच ओसाड होत नाहीं, आणि म्हणूनच धोका ध्यानांत येत नाहीं. तुकड्यांत दहावीस ससे उरले आहेत असें समजा. एका उन्हाळ्यांत वणवा लागला किंवा रोगाची सांथ आली, तर ते संपतात. आणि अखंड रानांत बाहेरून नवे जीव येऊन जी भरपाई होते, ती येथें होऊं शकत नाहीं. जे वांचतात, त्यांच्या जोड्या जवळच्या नात्यांतच जमतात व पिढी दुर्बल होत जाते. शिवाय तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानानें कड अधिक. आणि कडेनेंच ऊन, वारा, कुत्रीं व मांजरें आंत शिरतात. बेट जितकें लहान आणि दूर, तितक्या तेथें टिकणाऱ्या जाती थोड्या, हा सिद्धांत मॅकआर्थर व विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. शहरानें वेढलेली टेकडी हेंहि एक बेटच होय.

याचा कठोर पुरावा थायलंडमध्यें मिळाला. तेथें १९८६-८७ सालीं एका मोठ्या धरणाचें पाणी चढून डोंगरमाथ्यांचीं बेटें झालीं. त्यांवरील लहान सस्तन प्राण्यांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारे पंचवीस वर्षांत मूळच्या लहान प्राण्यांचा जवळजवळ निःपात झाला होता. अगदीं लहान बेटांवर तर पांचसात वर्षेंच पुरलीं. मग बेटें रिकामीं राहिलीं काय? नाहीं. बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदरानें तीं व्यापून टाकलीं.

येथें खारीचें कोडें उलगडतें. शहरांत वावरणारी पांच पट्ट्यांची खार फळें, बिया, कळ्या, किडे आणि माणसानें टाकलेलें अन्नहि खाते. छपराच्या फटींत घरटें करते. भिंत आणि तार यांचा रस्ता करते. तिचें नातलग शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, छपरें व तारा यांच्याशीं असें जुळवून घेऊं शकत नाहीं. तें उंच झाडांच्या शेंड्यांवरूनच हिंडतें व जमिनीवर क्वचित् उतरतें. फांदीला फांदी लागली नाहीं कीं त्याचें जग तेथें संपतें. म्हणूनच १९८५ सालीं घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यासारख्या दाट रानांतच तें टिकून आहे. खार दिसते म्हणून रान शाबूत आहे असें म्हणणें, हें दिंडी दरवाजा उभा आहे म्हणून वाडा शाबूत आहे असें म्हणण्यासारखें आहे. मुंगूस आणि घुबड यांचा आसरा गेला, कीं घूस व उंदीर यांना मोकळें रान मिळतें, आणि त्याची झळ धान्याच्या कोठीपर्यंत पोंचते.

इ. स. २०२५ च्या अखेरीस हा प्रश्न नाशिककरांच्या दारांत येऊन उभा राहिला. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीं तपोवनांतील सतराशेंहून अधिक झाडें तोडण्याचा वा हलविण्याचा प्रस्ताव पुढें आला आणि नागरिकांनीं त्यास जोराचा विरोध केला. लाखों यात्रेकरूंची सोय ही खोटी गरज नव्हे. परंतु एका झाडाच्या बदल्यांत दहा झाडें दुसरीकडे लावूं, या हिशेबांत संख्या जमते, जागा जमत नाहीं. ढोली व्हावयास झाडाचें वय व्हावें लागतें. रोपट्यांत घुबड राहत नाहीं. आणि नदीकांठचा दुवा तुटला, तर गांवाबाहेरील रोपवाटिका तो सांधूं शकत नाहीं.

उपाय मात्र आटोक्याबाहेरचे नाहींत. अमेरिकेंतील लाँगव्ह्यू गांवीं १९६३ सालीं खारींसाठीं रस्त्यावरून एक लहानसा झुलता पूल बांधण्यांत आला. दक्षिणेंत वालपराई येथें वानरांसाठीं झाडांमध्यें पूल टांगण्यांत आले आहेत. नाशकांत याहून सोपें काम पुष्कळ आहे. ओढ्यांचे कांठ सिमेंटनें न बांधतां झाडीसह राखावे. जुनीं पोकळ झाडें धोक्याचीं नसल्यास उभीं ठेवावीं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यांत २०२१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील वृक्षांना जो वारशाचा मान दिला आहे, त्याचा आधार घ्यावा. आणि आवाराच्या भिंतीस तळाशीं वीतभर मोकळें भोंक ठेवावें.

ज्या खारीनें सेतूसाठीं वाळू वाहिली असें परंपरा सांगते, तिच्या भाऊबंदांसाठीं आतां माणसानें सेतु बांधावयाचा आहे. त्यांत प्रत्येक कुटुंबानें खारीचा वांटा उचलला, तरी पुरे.