पंचेचाळीसचं पिस्तूल आणि हलकी गोळी

श्रोतेहो, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून स्वतःची काडतुसं तयार करणं हा अमेरिकेतल्या नेमबाजांचा जुना छंद. त्यातले काहीजण .45 एसीपीसारख्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलासाठी मुद्दाम हलकी गोळी निवडतात. हिशेब सरळ वाटतो: गोळी हलकी, म्हणून धक्का कमी, म्हणून धोकाही कमी. यातला धक्क्याचा भाग अर्धा खरा आहे, धोक्याचा भाग मात्र साफ चुकीचा. का, ते आज पाहू.

आधी वजनं. गोळी 'ग्रेन'मध्ये मोजतात. हे माप आपल्याला अगदीच परकं नाही. ब्रिटिश अमदानीत तोळा 180 ग्रेनचा ठरला होता. .45 ची नेहमीची गोळी 230 ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित जास्त. स्पर्धेत बरेच जण 185 ग्रेनची वापरतात, म्हणजे जवळजवळ तोळाभर. मुळात जॉन ब्राउनिंगने हे काडतूस घडवलं तेव्हा गोळी 200 ग्रेनची होती. अमेरिकी सैन्याला जड गोळी हवी होती, म्हणून ती 230 ची झाली आणि 1911 साली स्वीकारलेलं पिस्तूल तिच्याच जोरावर चालेल असं जुळवलं गेलं.

इथेच खरी मेख आहे. या पिस्तुलात धक्का हाच इंजिनाचं काम करतो. गोळी पुढे जाते, स्लाइड मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंग नवं काडतूस आत ढकलते. 14.9 ग्रॅमची गोळी सेकंदाला 253 मीटरने सुटली तर तिचा संवेग साधारण 3.8 येतो. 12 ग्रॅमची गोळी 235 मीटरने सोडली तर 2.8, म्हणजे चौथा हिस्सा गेला. मग नेहमीची सुमारे 16 पौंडांची स्प्रिंग दाबायला जोर अपुरा पडू शकतो आणि पुंगळी अर्ध्यावर अडकते. म्हणून असे नेमबाज स्प्रिंगही हलकी बसवतात. उलट, तीच हलकी गोळी भरपूर दारू घालून वेगाने सोडली, तर वाचवलेला धक्का परत येतो.

नेमही बदलतो. वेगवान गोळी नळीतून लवकर निघते, तोवर नळीचं तोंड फारसं उचललेलं नसतं. म्हणून जवळच्या अंतरावर हलकी, वेगवान गोळी जड गोळीपेक्षा खाली लागते. नवख्यांना हे उलटं वाटतं.

आता दारूकडे वळू. हलकी गोळी पटकन पुढे सरकते, त्यामुळे मागे दाब नीट साठत नाही. सावकाश जळणारी दारू अर्धवटच जळते आणि प्रत्येक बाराचा वेग वेगळा येतो. यावर उपाय म्हणजे झपाट्याने जळणारी दारू, तीही अगदी थोडी. पण .45 ची पुंगळी रुंद असते. त्यात दारू चुकून दोनदा पडली तरी ती सांडत नाही, वरून सहज कळतही नाही, आणि त्या बाराचा दाब पिस्तूल फोडू शकतो. याउलट दारू पडलीच नाही, तर नुसती कॅप गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवते. 'फुस्स' असा आवाज येतो. अशा वेळी स्लाइड हाताने ओढून पुढचा बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते.

तिसरा धोका टेबलावर असतो. दोन्ही गोळ्यांचा व्यास एकच. हलक्या गोळीसाठी मोजलेली जास्तीची दारू जड गोळीमागे गेली, तर दाब मर्यादेपलीकडे जातो. म्हणून जाणकार एका वेळी एकाच गोळीचा डबा उघडतात, प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून बघतात, आणि छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात. दोन वजनांच्या मधलं माप ते अंदाजाने काढत नाहीत.

भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा आपल्याकडे घरी करायचा छंद नव्हे. पण अमेरिकेत राहणारं आपलं कुणी यात असेल, तर एवढं त्यांच्या कानावर जरूर घाला: गोळीचं वजन बदललं की दारू, स्प्रिंग आणि नेम, तिन्ही नव्याने जुळवावी लागतात, आणि आवाज वेगळा आला, तर आधी थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी तपासायची.