धुके छापणारा चित्रकार

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रावर धुके उतरले आहे. समोर उंच शिडाची मोठी नाव, पाण्यात तिच्या शिडाचे प्रतिबिंब, आणि मागच्या नावा फिकट होत जवळजवळ विरून गेलेल्या. हिरोशी योशिदा यांचे १९२६ सालचे हे चित्र पाहणाऱ्याला वाटते की, ते जलरंगात रंगवलेले असावे. प्रत्यक्षात ते लाकडी ठशांवरून छापलेले आहे.

एवढेच नव्हे, तर या नावांची योशिदांनी सहा चित्रे केली. सकाळ, दुपारच्या आधीची वेळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र. ठसे मुख्यतः तेच. बदलले ते रंग.

मग धुके आले कुठून? ठशावर त्याची एकही रेघ कोरलेली नसते. ते येते छापणाऱ्याच्या हातातून. चेरीच्या लाकडाच्या ठशावर पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी तांदळाची खळ ब्रशने पसरतात. जिथे रंग विरायला हवा, तिथे ठसा आधी ओला करून घेतात, म्हणजे रंग एका बाजूला गडद राहतो आणि दुसरीकडे पाण्यात मिसळून नाहीसा होतो. याला जपानीत ‘बोकाशी’ म्हणतात. त्यावर ओलसर हातकागद ठेवून बांबूच्या सालीने मढवलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने पाठीमागून घासायचे. ठशाच्या कडेला कोरलेल्या खाचांत कागद बसवला की, पुढचा रंग नेमका जागेवर पडतो. योशिदांच्या एकेका चित्राचा कागद असा कित्येकदा तीसहून अधिक वेळा छापला जाई. आणि प्रत्येक कागदासाठी धुके नव्याने करायचे! पाणी किंचित जास्त झाले, की सगळी मेहनत वाया.

जपानी परंपरेत चित्रकार फक्त चित्र काढून देई. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि सगळ्यांवर हुकमत प्रकाशकाची. १८७६ साली जन्मलेले योशिदा मुळात तैलरंग आणि जलरंगांचे चित्रकार. ठशांच्या चित्रांकडे ते १९२० साली, चाळिशी उलटल्यावर वळले. प्रकाशक होते तोकियोचे वातानाबे शोझाबुरो. त्यांच्यासाठी केलेल्या मोजक्या चित्रांत शिडांच्या नावाही होत्या. पण १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत वातानाबेंचे दुकान जळाले. ठसेही गेले.

त्यानंतर योशिदा पत्नी फुजिओ यांच्यासह अमेरिकेला गेले. फुजिओ स्वतः चित्रकार होत्या. तिथे लोक जपानी ठशांच्या चित्रांवर, अगदी सुमार चित्रांवरही, उड्या टाकतात हे त्यांनी पाहिले. १९२५ मध्ये परतल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. कोरणारे आणि छापणारे कारागीर पदरी होतेच. पण चित्रकाराला त्यांच्यापेक्षा जास्त कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कोरायला आणि छापायला ते स्वतः शिकले. पुढच्याच वर्षी त्या हरवलेल्या नावा पुन्हा समुद्रात आल्या.

या हट्टी माणसाने भारतही पाहिला. १९३०च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी याला घेऊन ते इथे आले. बनारसचे घाट, उदयपूरचे जलमहाल, अजिंठा आणि वेरूळ त्यांनी ठशांत उतरवले. ताजमहाल तर त्यांनी पहाटेच्या धुक्यात छापला आणि रात्रीचाही छापला. आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघत नाही, हे नवलच. परदेशात मात्र त्यांचे चाहते पुष्कळ. ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांच्या केन्सिंग्टन राजवाड्यातील कार्यालयातही त्यांची चित्रे होती.

योशिदा १९५० मध्ये गेले. ठसे घरात राहिले आणि कुटुंबीयांनी त्यांवरून पुढेही चित्रे छापली. म्हणून जाणकार आधी चित्राच्या समासाकडे पाहतात. तिथे ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेले’, असा छोटा शिक्का असला, तर ते चित्र योशिदांच्या देखरेखीखाली निघालेले समजायचे. नंतरच्या प्रतींवर तो बहुधा नसतो आणि त्यांची किंमतही बरीच कमी येते. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, तर शिडे आणि दोरखंड तेच दिसतात. फरक शोधायचा तो मागच्या नावांभोवती, जिथे रंग संपतो आणि कोरा कागद सुरू होतो.