बँकेची सर्वोच्च खुर्ची आणि वयाचे गणित

प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

भाईंदर व मीरा रोड स्थानकांतून सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गर्दीत बँक कर्मचारी हमखास आढळतात. त्यांच्या इमारतींत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलेही असतात. या परीक्षेतून लागलेला उमेदवार बँकेच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचू शकतो काय? पोहोचू शकतो, मात्र त्याने लवकर रुजू व्हावे लागते.

एकेकाळी हा प्रश्नच उद्भवत नसे. मोठ्या खासगी बँकांवर उद्योजक घराण्यांची छाया होती. युनायटेड कमर्शियल बँकेमागे बिर्ला, तर देना बँकेमागे देवकरण नानजी कुटुंब होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेडोपाडी पोहोचल्या आणि स्पर्धा परीक्षा व आरक्षणामुळे सामान्य घरांतील मुले अधिकारी होऊ लागली.

स्टेट बँकेचे उदाहरण बोलके आहे. इंग्रजी साहित्य शिकलेल्या अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून दाखल झाल्या आणि २०१३ मध्ये बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दिनेश खारा १९८४ मध्ये आले, २०२० मध्ये अध्यक्ष झाले. कृषी पदवीधर चल्ला श्रीनिवासुलु शेट्टी १९८८ मध्ये रुजू झाले. त्यांना हे पद २०२४ मध्ये मिळाले. म्हणजे ३६ वर्षांची वाटचाल!

गोम इथेच आहे. या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३० वर्षे आणि अधिकाऱ्यांचे निवृत्तीवय ६०. घरखर्चासाठी आधी किरकोळ नोकरी करून तिशीत बँकेत शिरणाऱ्याच्या हाती जेमतेम ३० वर्षे उरतात. अनुसूचित जाती-जमातींना वयात पाच वर्षांची सवलत आहे. तिने दार उघडते खरे, पण सवलत घेऊन उशिरा आलेल्याची पुढची धाव आणखी आखूड होते. लिपिकपदापासून सुरुवात करणाऱ्यांचेही तेच. त्यातच पदोन्नती म्हणजे बदली. कर्ज काढून घेतलेले घर आणि मुलांची शाळा सोडवत नाही म्हणून ती नाकारणारेही असतात.

खासगी बँकांची शिडी वेगळी. १९९४ मध्ये आदित्य पुरी सिटी बँकेतून एचडीएफसी बँकेचे नेतृत्व करण्यासाठी आले व २०२० पर्यंत राहिले. त्यांचे उत्तराधिकारी शशिधर जगदीशन हे सनदी लेखापाल. डॉइश बँकेतील अनुभव घेऊन ते १९९६ मध्ये आले आणि २४ वर्षांत प्रमुख झाले. २०१५ मध्ये तर सरकारने बँक ऑफ बडोदासाठीही सिटी बँकेत कारकीर्द घडलेल्या पी. एस. जयकुमार यांची निवड केली. या वाटेवर वेळ कमी लागतो. पण व्यवस्थापन संस्थेचे लाखांतील शुल्क किंवा सनदी लेखापालाच्या परीक्षेची कमाईविना जाणारी वर्षे आधी घरानेच सोसावी लागतात.