मुहंदिस आणि इंजिनिअर
‘इंजिनिअर’ हा शब्द आगगाडीच्या इंजिनाहून कितीतरी जुना. मूळ लॅटिन ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. मध्ययुगीन युरोपात किल्ल्यांवर दगड फेकणाऱ्या यंत्रांनाही तेच नाव पडलं आणि ती घडवणारा इंजिनिअर ठरला. म्हणून १८व्या शतकात दीपस्तंभ बांधणारा जॉन स्मीटन स्वतःला ‘सिव्हिल’, म्हणजे लष्करी नसलेला, इंजिनिअर म्हणवू लागला.

अरबीत मात्र इंजिनिअरला ‘मुहंदिस’ म्हणतात. ‘हंदसा’ म्हणजे भूमिती. तिचं मूळ फारसी ‘अंदाजा’, म्हणजे माप. आपला ‘अंदाज’ आणि पुलाचं अंदाजपत्रक तिथलंच. पण बोलताना आपण अंदाजाला अदमासावर आणून ठेवलं. पूल बुद्धीला सुचतो, उभा राहतो मापावर. चुकलेल्या अदमासाचं मोल पुलावरून जाणाऱ्यांना मोजावं लागतं.